बेडशेजारचा माणूस

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्रत्येक हॉस्पिटलात रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांची सल्लागार समिती असलीच पाहिजे, असा कायदा आहे. तो २००८ साली झाला आणि १ ऑक्टोबर २०१० पर्यंत सगळ्या हॉस्पिटलांनी समित्या नेमायच्या होत्या. समितीत निम्मे तरी सदस्य आजी-माजी रुग्ण किंवा त्यांचे नातेवाईक असावेत, तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हावी, बैठकीचं इतिवृत्त हॉस्पिटलच्या नियामक मंडळापर्यंत जावं, वर्षाचा अहवाल लोकांना पाहता यावा, हे सगळं नियमांत लिहिलेलं आहे. बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात अशा समितीवर मी गेली काही वर्षं काम करते आहे. या कामाला पगार नाही. पार्किंगचा पास मिळतो, संध्याकाळच्या बैठकीला सँडविच मिळतं आणि गळ्यात घालायला एक ओळखपत्र मिळतं. त्यावर माझ्या नावाखाली ‘कुटुंब सल्लागार’ असं लिहिलेलं आहे.

मी डॉक्टर नाही, नर्स नाही. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेते. बाबांच्या बेडशेजारी बसून काढलेल्या रात्री एवढीच या कामासाठीची माझी पात्रता. पण त्या रात्रींत जे कळतं त्याची हॉस्पिटलला फार गरज असते, आणि ते सांगू शकणारं दुसरं कुणी नसतं, हे मी आता खात्रीने म्हणू शकते. डॉक्टर दिवसातून काही मिनिटं येतात. नर्सची पाळी बदलते. रात्रीचा स्टाफ वेगळा, शनिवार-रविवारचा वेगळा. पहिल्या क्षणापासून घरी जाईपर्यंत सलग हजर असतात ते दोघेच: आजारी माणूस आणि त्याच्या शेजारी बसलेलं त्याचं माणूस.

या समित्यांचं मूळ शोधत गेलं की बॉस्टनमधल्या एका मृत्यूपाशी येऊन थांबावं लागतं. बेट्सी लेमन ही ‘बॉस्टन ग्लोब’ दैनिकाची आरोग्यविषयक स्तंभलेखिका. वय ३९, दोन लहान मुलींची आई. स्तनाच्या कर्करोगावरच्या उपचारांसाठी ती डेना-फार्बर या नामवंत कर्करोग संस्थेत दाखल झाली. तिचा नवरा त्याच संस्थेत संशोधक होता. केमोथेरपीच्या एका औषधाचा चार दिवसांत मिळून द्यायचा डोस तिला चारही दिवस, रोज, पूर्णच्या पूर्ण दिला गेला. ३ डिसेंबर १९९४ रोजी ती गेली. चूक लक्षात आली ती पुढच्या वर्षी, नोंदींची नेहमीची तपासणी करताना. आपल्याला काहीतरी भलतंच होतंय हे तिला जाणवत होतं, ती ते सांगतही होती. आरोग्यावर लिहिणाऱ्या, प्रश्न विचारायला सरावलेल्या बाईचं म्हणणं जर तिथे पोचलं नाही, तर इतरांचं काय, हा प्रश्न त्या शहराने स्वतःला विचारला. संस्थेने औषधं देण्याच्या सगळ्या पद्धतीची फेरमांडणी केली आणि १९९८ मध्ये रुग्ण-कुटुंबीयांची कायमची समिती नेमली. पुढे ग्राहक संघटनांनी आणि ज्यांच्या घरात असे प्रसंग घडले होते अशा लोकांनी पाठपुरावा केला, तेव्हा हीच गोष्ट राज्याच्या कायद्यात आली. बेट्सी लेमनच्या नावाचं, राज्य सरकारचं रुग्णसुरक्षा केंद्र बॉस्टनमध्ये आज काम करतं.

आता बाबांबद्दल. आई गेल्यानंतर बाबा सांगलीहून आमच्याकडे कायमचे राहायला आले. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी झाली होती. मशीनचा आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते सांगणारा माणूस. इथे आल्यावर त्यांचं हृदय कमकुवत होत गेलं, पायांवर सूज यायला लागली, चार पायऱ्या चढल्या तरी दम लागायचा. एकदा दम फारच वाढला म्हणून त्यांना दाखल केलं. ते हॉस्पिटल वेगळं, मी आज काम करते ते नव्हे.

दुसऱ्या रात्री त्यांचा श्वास बदलला. मॉनिटरवरचे आकडे ठीक होते, नर्सने ते मला दाखवलेही. ती चांगली मुलगी होती, तिच्याकडे बरेच पेशंट होते आणि तिने डॉक्टरांना निरोपही ठेवला होता. पण बाबा चादरीशी चाळा करत होते, विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देत होते, आणि त्यांच्या छातीतून येणारा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा आकडे पाहिले गेले. पहाटे डॉक्टर आले, त्यांनी एकदाच स्टेथोस्कोप लावला आणि लगेच बाबांना आयसीयूत हलवलं. बाबा त्यातून बरे झाले. पुढे काही वर्षं ते आमच्यात होते आणि शेवटी घरीच, आम्ही सगळे जवळ असताना गेले.

त्या रात्रीबद्दल मला नंतर एक गोष्ट कळली. ज्या कायद्याने सल्लागार समित्या आणल्या, त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. पेशंटची तब्येत बिघडतेय असं वाटलं तर पेशंटला किंवा नातेवाइकांनाही थेट तज्ज्ञ मदत बोलावता आली पाहिजे आणि त्यासाठीची सोय प्रत्येक हॉस्पिटलने केली पाहिजे. म्हणजे त्या रात्री मी स्वतः फोन करू शकत होते. नंबरही खोलीत होता. आगीच्या सूचना, भेटीच्या वेळा आणि टीव्हीच्या चॅनेलांची यादी यांच्यामध्ये, बारीक अक्षरात, दाराशेजारच्या भिंतीवर. कुणी आम्हाला त्याबद्दल सांगितलं नव्हतं. मी त्या हॉस्पिटलला सविस्तर पत्र लिहिलं. नम्र उत्तर आलं आणि प्रकरण तिथेच संपलं.

पत्राने काय होतं आणि काय होत नाही, हे तेव्हा समजलं. पत्र एका प्रसंगाबद्दल असतं. त्याला उत्तर देता येतं, फाइल बंद करता येते. जो माणूस दर महिन्याला पुन्हा येऊन बसणार आहे आणि मागच्या वेळचं काय झालं हे विचारणार आहे, त्याची फाइल बंद करता येत नाही. म्हणून घराजवळच्या हॉस्पिटलात सल्लागार हवेत अशी सूचना दिसली तेव्हा मी अर्ज केला.

मुलाखत दोघांनी घेतली: स्वयंसेवक विभागाच्या प्रमुख आणि समितीचे सहअध्यक्ष, जे स्वतः तिथले जुने पेशंट. त्यांनी विचारलं, “तुमचा राग आता कोणत्या टप्प्यावर आहे?” हा प्रश्न मला फार योग्य वाटला. जखम अगदी ताजी असेल तर माणसाला आधी आधार हवा असतो, समितीची बैठक ही त्याची जागा नाही. मग पोलिसांकडची पार्श्वभूमीची तपासणी, टीबीची चाचणी, फ्लूची लस आणि गोपनीयतेचं प्रशिक्षण झालं. शेवटी एक अभ्यास दिला गेला: आपला अनुभव तीन-चार मिनिटांत सांगा. काय झालं, कशाने मदत झाली, काय वेगळं असतं तर बरं झालं असतं. कुणाचंही नाव न घेता. मी बाबांची ती रात्र पुन्हा पुन्हा लिहून काढली. लिहिताना मला त्यातलं नेमकं काय बदलता येण्यासारखं आहे ते दिसायला लागलं. नर्सचा स्वभाव बदलायचा नव्हता. नंबर कुठे लावायचा, कुणी सांगायचा आणि केव्हा सांगायचा, एवढं बदलायचं होतं.

आमच्या समितीत निवृत्त शिक्षिका आहेत, जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलाची आई आहे, मणक्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअर वापरणारे गृहस्थ आहेत, ब्राझीलहून आलेली एक मावशींच्या वयाची बाई आहे. हॉस्पिटलकडून नर्सिंगच्या प्रमुख, गुणवत्ता विभागाचे एक डॉक्टर आणि पेशंटच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकारी असतात. नव्या इमारतीचे नकाशे, बिलासोबत जाणारं पत्र, ऑपरेशनच्या आधीच्या सूचना, अशा अनेक गोष्टी आमच्यापुढे येतात. प्रमुख नर्सची नेमणूक करताना आमच्यापैकी एकाला मुलाखतीला बसवतात. बरंचसं काम वाचण्याचं आणि प्रश्न विचारण्याचं आहे.

तातडीच्या मदतीच्या नंबराचा विषय मी मांडला तेव्हा तो इथेही भिंतीवरच होता. आम्ही एका रिकाम्या खोलीत गेलो. व्हीलचेअरवरच्या सदस्यांनी सुचवलं, “इथे उभं राहून बघू नका, बेडवर झोपून बघा.” नर्सिंगच्या प्रमुख स्वतः बेडवर आडव्या झाल्या. तिथून छत दिसत होतं, टीव्ही दिसत होता, पांढरा फळा दिसत होता. तो कागद दिसत नव्हता. त्यावरची वाक्यं सरकारी परिपत्रकासारखी होती: प्रकृतीत लक्षणीय बदल आढळल्यास अमुक पथकास पाचारण करावे. लक्षणीय म्हणजे किती, हे नातेवाइकाने कसं ठरवायचं?

इथे नर्सेसची बाजू ऐकणं आवश्यक होतं आणि आम्ही ती नीट ऐकली. त्यांची भीती अशी की लोक पाण्यासाठी आणि उशीसाठीही त्या नंबरवर फोन करतील, आणि ज्याने फोन केला त्याचा आपल्यावर विश्वास नाही असा अर्थ निघेल. गुणवत्ता विभागाच्या डॉक्टरांनी इतर ठिकाणचा अनुभव पुढे ठेवला. २००१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जोसी किंग ही दीड वर्षांची मुलगी दगावली. तिला शोष पडलाय, ती तहानलेली आहे, हे तिची आई सांगत होती. त्या आईच्या, सॉरेल किंग यांच्या, प्रयत्नांनंतर पिट्सबर्गच्या शेडीसाइड हॉस्पिटलने २००५ मध्ये कुटुंबीयांना थेट पथक बोलावता येईल अशी पद्धत सुरू केली. तिथे फोनांचा पूर आला नाही. जे थोडे आले, त्यांत ऐकण्यासारखं बरंच होतं. इंग्लंडमध्येही २०२१ साली मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी गेली. तिच्या आईवडिलांनी लावून धरल्यावर तिथल्या सरकारी हॉस्पिटलांत २०२४ पासून ‘मार्थाचा नियम’ लागू होऊ लागला. प्रत्येक देशात ही सोय व्हायला आधी एका घरातलं माणूस जावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

आमचा तोडगा साधा होता. पेशंट दाखल होतानाच नर्सने स्वतः हा नंबर सांगायचा. म्हणजे फोन करणं हे तिच्याविरुद्ध जाणं ठरत नाही, तिनेच दिलेली ती परवानगी असते. नंबर पांढऱ्या फळ्यावर, बेडवरून दिसेल असा, मोठ्या अक्षरात. मजकूर असा: तुमचं माणूस नेहमीसारखं वाटत नाही का? नर्सला सांगूनही काळजी वाटतेय का? हा नंबर फिरवा, रात्री कितीही वाजले असले तरी. ‘नेहमीसारखं वाटत नाही’ हे ठरवायला वैद्यकीय ज्ञान लागत नाही, आणि ते ठरवण्यात नातेवाइकाइतका तज्ज्ञ कुणी नसतो. हा मजकूर अनेक समित्यांतून, वकिलांकडून, छपाई विभागाकडून फिरून खोल्यांमध्ये लागायला बराच काळ गेला. पण लागला.

त्याच फळ्यावर आणखी एक ओळ आली: ‘मला काय म्हणून हाक मारावी?’ बाबांना त्या हॉस्पिटलात विशीतली मुलंमुली पहिल्या नावाने हाक मारायची. इथल्या रिवाजात ती आपुलकी आहे. बाबांना मात्र त्यांच्या वडिलांनंतर कुणी नुसत्या नावाने हाक मारली नव्हती. ते काही बोलले नाहीत, फक्त उत्तर द्यायला क्षणभर थांबायचे. आता पेशंट स्वतः सांगतो आणि नर्स ते लिहिते. याला खर्च येत नाही.

घरी सोडतानाचे कागद हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. हृदय कमकुवत झालेल्या पेशंटला दोन गोष्टी नेमाने पाळाव्या लागतात. रोज सकाळी वजन करायचं, आणि एका दिवसात दोन-तीन पौंड किंवा आठवड्यात पाच पौंड वाढलं तर लगेच फोन करायचा, कारण ती वाढ अंगात साठलेल्या पाण्याची असते. दुसरं म्हणजे मीठ कमी. मिठाच्या कागदावर काय टाळायचं याची यादी होती: डब्यातलं सूप, सँडविचमधलं खारवलेलं मांस, फ्रोझन पिझ्झा. बाबांनी यांतलं काहीच कधी खाल्लं नव्हतं. ती यादी वाचून त्यांना वाटलं, आपलं तर सगळं बरोबर आहे. आमच्या घरात मीठ यायचं ते लोणच्यातून, पापड-कुरडयांतून, मेतकुटातून, शेंगदाण्याच्या चटणीतून आणि ताटात डावीकडे वाढलेल्या चिमूटभर मिठातून. ब्राझीलच्या मावशी म्हणाल्या, आमच्याकडे ते वाळवलेल्या खारट मांसातून येतं. पोर्तुगीज घरांत खारवलेल्या कॉड माशातून.

आहारतज्ज्ञ बाईंनी हे मनावर घेतलं. आता कागदाच्या सुरुवातीलाच प्रश्न आहे: घरी रोजच्या जेवणात खारट काय असतं? खाली मोकळ्या ओळी. आधी पेशंट सांगतो, मग आहारतज्ज्ञ त्याच पदार्थांबद्दल बोलते. वजनाच्या बाबतीत आम्ही विचारलं की घरी काटा आहे का, हे कुणी विचारतं का? विचारत नव्हतं. आता विचारतात, आणि नसेल तर सामाजिक कार्यकर्त्या तो मिळवून द्यायचा प्रयत्न करतात. सूचना समजल्या का, असं विचारल्यावर आपले वडीलधारे मान डोलावतात. डॉक्टरांना ‘नाही समजलं’ म्हणणं त्यांना उद्धटपणा वाटतो. म्हणून इथे नर्सेसना वेगळा प्रश्न शिकवला जातो: घरी गेल्यावर सुनेला किंवा मुलाला हे कसं सांगाल, ते मला सांगून दाखवा. त्या उत्तरात काय पोचलं आणि काय नाही, ते लख्ख दिसतं.

जेवणाच्या ट्रेची गोष्टही अशीच. ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ देतात, आणि त्यात ठरलेले दोन पदार्थ म्हणजे कोंबडीचं पाणी आणि जेलो. जेलोमधलं जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून बनतं. पेशंटच्या नोंदीत शाकाहारी लिहिलेलं असलं तरी पातळ पदार्थांचा ट्रे वेगळ्या यादीतून यायचा आणि त्या यादीला शाकाहार माहीतच नव्हता. आमच्या ओळखीतल्या एका आजींनी त्या दिवशी फक्त सफरचंदाचा रस घेतला आणि कुणाला कारणही सांगितलं नाही. नोंदीत ‘जेवण नाकारलं’ असं आलं. स्वयंपाकघराच्या व्यवस्थापकांना हे कळल्यावर त्यांनी भाज्यांचं पाणी आणि फळांच्या रसाचा बर्फ त्या यादीत घातला.

भाषेचा प्रश्न याहून गंभीर आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये इमर्जन्सी विभागात दुभाषा देण्याचा कायदा २००० सालचा आहे. पुढे २०१० च्या आरोग्य कायद्यातल्या भेदभावविरोधी कलमाने देशभर ही जबाबदारी पक्की केली आणि त्याखालच्या नियमांनी लहान मुलांना दुभाषा म्हणून वापरण्यावर बंधन आणलं. फोनवर किंवा व्हिडिओवर मराठी दुभाषा मिळू शकतो. तरी आपली माणसं तो मागत नाहीत. “दुभाषा हवा का?” असं विचारलं की आजी म्हणतात, कशाला त्रास, नातू आहे की. मग चौदा वर्षांचा नातू आजीच्या पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावाबद्दल बोलणार कसा आणि आजी त्याच्यासमोर सांगणार काय? मुलगी किंवा सून असली तरी वाईट बातमी सांगताना ती सौम्य करते, अर्धी गिळते. ते प्रेमापोटी होतं, पण पेशंटपासून त्याचाच आजार लपून राहतो. आणि भारतातला माणूस म्हटल्यावर समोरून हिंदी दुभाषा येण्याचा प्रकारही आहेच. पोटात कुठे आणि कसं दुखतंय हे सांगताना सांगलीच्या माणसाला हिंदी पुरत नाही.

आम्ही नोंदणीच्या खिडकीवरचा प्रश्न बदलून घेतला. ‘आजाराबद्दल कोणत्या भाषेत बोलायला तुम्हाला सोपं जातं?’ असं विचारायचं. याला ‘नको’ हे उत्तर देताच येत नाही. शिवाय ही सेवा फुकट आहे, दुभाष्यावर गोपनीयतेचं बंधन आहे आणि घरचं माणूस सोबत थांबू शकतं, ही तीन वाक्यं न विचारताच सांगायची. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी हे सांगते तेव्हा नंतर बायका एकेकट्या येऊन विचारतात.

मार्च २०२० मध्ये कोविड आला आणि हॉस्पिटलांनी नातेवाइकांना दाराबाहेर ठेवलं. त्या काळात आम्ही घराघरांतून झूमवर भेटत होतो. संसर्गाची भीती खरी होती, मास्क आणि गाऊन कमी होते, हे आम्हाला मान्य होतं. आमचं म्हणणं एवढंच होतं की ज्या माणसाशिवाय पेशंटला बोलता येत नाही, समजत नाही किंवा धीर धरता येत नाही, त्याला भेटायला आलेल्या पाहुण्यांत मोजू नका. मतिमंदत्व असलेला तरुण, स्मृतिभ्रंश झालेल्या आजी, बाळंत होणारी बाई आणि शेवटच्या घटका मोजणारा माणूस, यांच्याजवळ एक जण हवाच. नियम टप्प्याटप्प्याने सैल झाले तेव्हा या यादीचा उपयोग झाला. तोपर्यंत ज्यांना आयपॅडवर निरोप घ्यावा लागला, त्यांचं दुःख भरून येण्यासारखं नाही.

या कामाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. बिलाचं पत्र आम्ही सोपं करू शकतो, बिल कमी करू शकत नाही. एका नर्सकडे किती पेशंट असावेत हे आम्ही ठरवत नाही. कित्येकदा निर्णय झाल्यावर कागद आमच्याकडे येतो. तेव्हा आम्ही विचारतो: हे अजून बदलता येईल का? नसेल, तर आमची संमती घेतली असं अहवालात लिहू नका. सगळ्यात मोठी उणीव समितीच्या रचनेतच आहे. संध्याकाळी दोन तास मोकळे असणारे, गाडी असणारे, इंग्रजीत बिनधास्त बोलणारे लोक समितीवर येतात. रात्रपाळीत सफाई करणारी बाई येऊ शकत नाही, आणि हॉस्पिटलचा सगळ्यात कडू अनुभव बऱ्याचदा तिच्याकडे असतो. काही हॉस्पिटलं सल्लागारांना मानधन द्यायला लागली आहेत, ते सगळीकडे व्हावं असं माझं ठाम मत आहे. निम्म्या खुर्च्या रुग्णांच्या असून भागत नाही, त्या कोणत्या रुग्णांच्या आहेत हेही पाहावं लागतं.

भारतात येते तेव्हा सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत नातेवाइकांकडे बघत राहते. इथे नातेवाईक काय करत नाही? केसपेपर काढतो, स्ट्रेचर ढकलतो, रक्ताची बाटली आणायला धावतो, रिपोर्ट घेऊन फिरतो, औषधं आणतो, कॉटखाली चटई टाकून झोपतो. हॉस्पिटलचं निम्मं काम ज्याच्या अंगावर आहे त्याला कुणी कधी विचारतं का, की यातलं काय नीट चालत नाही?

विचारण्याची सोय आपल्याकडे कागदावर आहे. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात नव्वदीच्या दशकात रुग्ण कल्याण समितीची कल्पना उभी राहिली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. आज ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशी समिती असते, तिच्याकडे थोडा निधीही असतो. २००७ पासून महाराष्ट्राच्या काही जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम झालं, जनसुनवाया झाल्या, आणि गावातल्या बाया माइकसमोर उभ्या राहून डॉक्टर आणि अधिकाऱ्यांना प्रश्न विचारू लागल्या. खासगी हॉस्पिटलांसाठी २०२१ मध्ये राज्याने नियम बदलले आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. हे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल मला अपार आदर आहे. अमेरिकेत आमच्यामागे कायदा उभा होता. त्यांनी हे काम त्याहून अवघड परिस्थितीत केलं.

रुग्ण कल्याण समितीत लोकप्रतिनिधी असतात, अधिकारी असतात, डॉक्टर असतात, स्वयंसेवी संस्थांची माणसं असतात. ज्या बाईने मागच्या महिन्यात त्याच वॉर्डात सासूची शुश्रूषा केली, ती तिथे बसलेली मला पाहायची आहे. तिला आरोग्यशास्त्र शिकवायची गरज नाही. पाणी कुठे मिळत नाही, रात्री कोण भेटत नाही, कोणती सूचना समजत नाही, हे तिला तोंडपाठ आहे. तिला बैठकीची तारीख कळली पाहिजे, तिचा बुडालेला रोज मिळाला पाहिजे आणि पुढच्या बैठकीत तिच्या मुद्द्याचं उत्तर मिळालं पाहिजे.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी कुणाच्या तरी उशाशी बसून रात्र काढली असेल. ती रात्र वाया घालवू नका. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात जा, रुग्ण कल्याण समितीवर कोण कोण आहे ते विचारा, आणि पुढची बैठक कधी आहे तेही विचारा.